सेवाव्रती रमाबाई रानडे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा मी आधी मागे सरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हाताला लेखणीपेक्षा झाऱ्याची सवय जास्त. पण मागच्या वर्षी धानाच्या रोवणीत बांधावरून घसरून माझा पाय मोडला आणि दीड महिना खाटेवर पडून राहावे लागले. तेव्हा मुलीने तिच्या कॉलेजातून रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक आणून दिले. ते वाचून मनात जे आले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे लिहिते.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर. त्यांचे गाव देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली, आणि वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी हे लग्न केले. सासरी पाठवताना रमाबाईंच्या वडिलांनी मुलीला बजावले होते की कितीही सोसावे लागले तरी उलट बोलू नकोस आणि घरातल्या कागाळ्या नवऱ्याच्या कानावर घालू नकोस. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. त्या मोठ्या घरच्या, आम्ही शेतकरी. पण मलाही आईने हेच सांगून पाठवले होते. आमच्याकडे पोर कामाची असली म्हणजे गुणाची. पहाटे सडा घातला, भावांना जेवू घातले, की आई पाठीवरून हात फिरवायची. रिकामी बसले तर कोणी जवळ घ्यायचे नाही. तेव्हापासून मनात बसले की आपण उपयोगी पडलो तरच आपण हव्याशा.

रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतले. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हर्फर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या. पण पुण्याचे घर माणसांनी भरलेले. बायको शिकते, तीही इंग्रजी, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना खपेना. टोमणे, अबोला, सगळे झाले. रमाबाईंनी वडिलांची शिकवण धरून ते गिळले. मात्र पुस्तक खाली ठेवले नाही. घरची कामे करायची आणि नवऱ्याच्या मनासारखे शिकायचेही, असे दोन्हीकडून त्या स्वतःला झिजवत राहिल्या. १८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली, तेव्हा कुठे मोकळा श्वास मिळाला.

नवऱ्यावरची त्यांची माया सगळी सेवेतूनच दिसते. रात्री पायांना तूप चोळायचे, वाचून दाखवायचे, खाणेपिणे आणि प्रकृती सांभाळायची. रानडेही तसेच. बायकोवरचा लोभ ते बोलून दाखवत नसत, शिकवून दाखवत. कलकत्त्याला असताना ते बंगाली शिकले आणि त्यांनाही शिकवली.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. मूलबाळ नव्हते. ज्यांच्यासाठी रात्रंदिवस राबायचे ते माणूसच गेले. वर्षभर रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. पुस्तकातले त्यांचे दुःख वाचताना मला वाटले, नवरा गेल्याचे दुःख तर होतेच, पण आता आपण कोणाच्या कामाच्या, हाही घोर त्यात असेल. हा माझा अंदाज. खाटेवर पडल्या पडल्या मला तोच घोर लागला होता.

मग त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात कैदी बायकांना भेटायला जाऊ लागल्या. मुंबईला १९०८ साली सेवासदन निघाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्या झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. तिथे विधवा आणि गरीब बायका लिहायला, शिवायला शिकल्या, शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. ज्या बायकांना घरात फक्त चुलीपुरते ठेवून घेतलेले असे, त्यांच्या हाताला स्वतःची कमाई आली. पुढे बायकांना मत देण्याचा हक्क मिळावा म्हणूनही रमाबाई झटल्या. १९२४ साली त्या गेल्या. १९६२ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

एवढे मोठे काम त्या शिकवणीतूनच उभे राहिले, हे खरे. एका माणसाच्या पायाशी असलेली सेवा त्यांनी शेकडो बायकांपर्यंत नेली. तरीही एक विचार मनातून जात नाही. सोसण्याचा आणि राबण्याचा धडा लहानपणी मिळाला नसता, तर त्यांना दोन घास जास्त सुखाने खाता आले नसते काय? मोठ्या बाईचे गुण गाताना तिला काय मोजावे लागले, तेही आपण पाहावे.

मी खाटेवर असताना पहिले पंधरा दिवस रोज रडत होते. घरचे मालक स्वयंपाक करीत, मुलगी माझी वेणी घालून देई, आणि मला वाटे की ही माणसे आता मला कंटाळतील. एके दिवशी वेणी घालून झाल्यावरही मुलगी उठली नाही. काही काम नसताना माझ्या शेजारी तासभर पडून राहिली. मी तिच्यासाठी काहीच केले नव्हते. चाळिशी उलटल्यावर मला हे पहिल्यांदा कळले.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. आपल्या लेकी-सुनांना रमाबाईंची सेवा जरूर सांगावी. पण लेक शाळेतून आली की चहा ठेव म्हणण्याआधी तिला थोडे जवळ बसवावे. घरात सासूबाई थकल्या असतील, हातून काही होत नसेल, तर त्यांच्याजवळही बसावे. मी आता तसे करू लागले आहे. अजून हात आपोआप झाडूकडे जातो.

लिहिण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.