चाकात हवा भरणारा पशुवैद्य

रिसोडहून वाशीमच्या रस्त्याला लागण्यापूर्वी मोटारसायकलस्वार चाकांत हवा भरून घेतो, तेव्हा तो नकळत एका पशुवैद्याच्या शोधाचा लाभ घेत असतो. त्या पशुवैद्याचे नाव जॉन बॉइड डनलप.

डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी व्यवसायात उत्तम जम बसवला. तेव्हा सायकलींना भरीव रबरी धावा असत. दगडी रस्त्यांवर आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे पाहून १८८७ मध्ये त्यांनी रबराची नळी तयार केली, फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली आणि कापडाने ती लाकडी चकतीवर बसवली. अंगणात ही चकती आणि तीनचाकीचे चाक सोडून पाहिले, तेव्हा हवेवरची चकती कितीतरी लांब गेली.

१८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १८ मे १८८९ रोजी विली ह्यूम या स्पर्धकाने हवेची चाके लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. हार्वे द्यु क्रो यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. पण १८९० मध्ये आघात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा चाकाचे पेटंट घेतले होते. त्यामुळे डनलप यांचे पेटंट टिकले नाही. थॉमसन यांचा शोध व्यवहारात रुजला नव्हता, डनलप यांचा रुजला, एवढाच काय तो फरक. पुढे त्यांनी कंपनीचे संचालकपद सोडले. १८९६ मध्ये ती ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या वैभवातील फारसे काही त्यांच्या वाट्याला आले नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

भार रबर नव्हे, तर त्यात कोंडलेली हवा पेलते, हा त्यांच्या प्रयोगाचा मथितार्थ आजही तितकाच खरा आहे. शर्यतीच्या मार्गावर टायर सतत तापतो, आतील हवेचा दाब वाढतो. म्हणून तेथे सुरुवातीला दाब मुद्दाम कमी ठेवतात. तापल्यावर तो योग्य पातळीवर येतो आणि रबराची पकड वाढते. रस्त्यावर मात्र हे अनुकरण घातक ठरते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत दबतो, उन्हाळ्यात अधिकच तापतो आणि खड्ड्यात रिमवर आपटतो. हवा अती भरली, तर टायरचा जमिनीवर टेकणारा भाग घटतो आणि पकड कमी होते. म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला पुढच्या-मागच्या चाकांचा पौंडांतील दाब, टायर थंड असताना तपासणे हेच श्रेयस्कर. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या चाकासाठी पुस्तिकेतील वाढीव आकडा पाहावा.

पेटंट हातातून गेले, संपत्ती इतरांना मिळाली. तरी डनलप हे नाव टायरवर कायम राहिले. त्या नावाचा मान राखायचा, तर निघण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून हवा मोजावी, एवढे पुरे.