अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याचे ख्यातनाम गायक होते. सुरेलपणाला सर्वोच्च स्थान देणारी गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी २२ श्रुतींची मापे ठरविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत त्यांच्या गायनाचा आधार घेतला गेला.

== जीवन ==
त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. वडील काले खाँ हे गायक होते. तरुणपणी ते बडोदा दरबारी होते. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्यासह त्यांनी बडोदा सोडले व पुढे मिरजेस वास्तव्य केले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. म्हैसूर दरबाराशी आलेल्या संबंधातून त्यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला.

== श्रुतिसंशोधन ==
सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची गुणोत्तरे मोजून १९१० मध्ये २२ श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. या कामी त्यांना खाँसाहेबांचे साहाय्य लाभले. जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले आणि त्यातून श्रुति-हार्मोनियम तयार झाली.

या मांडणीत शुद्ध ऋषभाची दोन रूपे येतात. चतुःश्रुती ऋषभाचे षड्जाशी गुणोत्तर ९:८, तर त्रिश्रुती ऋषभाचे १०:९ असते. षड्ज २४० कंपनांचा मानल्यास पहिला ऋषभ २७० कंपनांचा, तर दुसरा सुमारे २६६.७ कंपनांचा होतो. षड्जासाठी ३६ इंच तार घेतल्यास हे स्वर अनुक्रमे ३२ व ३२.४ इंचांवर मिळतात. पहिल्या ऋषभाचा पंचमाशी ४:३ असा संवाद जुळतो. दुसऱ्याचा ५:३ गुणोत्तराच्या धैवताशी ३:२ असा संवाद जुळतो. दोहोंतील अंतर ८१:८० इतके, म्हणजे सुमारे २२ सेंट असते. सामान्य हार्मोनियमवर षड्ज व ऋषभ यांत २०० सेंटचे एकच अंतर असल्याने हा भेद दाखविता येत नाही.

== मतभेद ==
१९१६ च्या बडोदा येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न चर्चिला गेला. विष्णु नारायण भातखंडे यांनी देवल-क्लेमेंट्स यांचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत; प्रचलित रागांच्या वर्गीकरणास १२ स्वर पुरेसे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. गायकाने प्रत्यक्ष लावलेला स्वर ठरावीक गुणोत्तरात बांधता येतो काय, हा या वादाचा गाभा होता व त्यावर पुढेही एकमत झाले नाही.

== शिष्यपरंपरा व निधन ==
सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा व रोशनआरा बेगम हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या अपत्यांनीही किराणा गायकीत लौकिक मिळविला. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर उतरले व तेथेच त्यांचे निधन झाले. मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर असून, तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.