चेंडूफळीचे एक थोर गोलंदाज : पालवणकर बाळू

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती जमलेले प्रेक्षक फलंदाजाच्या टोल्यास टाळ्या देतात, गोलंदाजाने यष्टी उडविली म्हणजे जयघोष करितात. परंतु त्याच मैदानावर पहाटे येऊन पाणी मारणाऱ्या व रूळ फिरविणाऱ्या मनुष्याची आठवण सहसा कोणास होत नाही. आज ज्यांचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावयाचे आहे, ते आरंभी असे रूळ फिरविणारे नोकरच होते. पुढे ते हिंदुस्थानातील आपल्या काळचे अग्रगण्य गोलंदाज झाले. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

आपल्या जालन्यास एके काळी लष्कराची छावणी होती, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊकच आहे. इंग्रज अंमलदार जेथे छावणी करीत, तेथे ते चेंडूफळीचा खेळही बरोबर नेत. मैदानाच्या कडेस उभी राहून तो खेळ पाहणारी मुले मग लाकडाची फळी आणि चिंध्यांचा चेंडू घेऊन तो आपल्या गल्लीत खेळू लागत. बाळूंची कथाही अशाच एका छावणीच्या गावी, म्हणजे पुण्यास, सुरू होते.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. हे कुटुंब चर्मकार समाजाचे होते, आणि त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. विहीर, देऊळ, शाळा, पंगत, जेथे पाहावे तेथे त्यांस दूर ठेविले जाई. अंमलदारांनी टाकून दिलेले चेंडू व फळ्या घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. हीच त्यांची चेंडूफळीची पहिली शाळा.

घरच्या गरिबीमुळे बाळूंस लवकरच नोकरी धरावी लागली. प्रथम पारशी गृहस्थांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व राखण्याचे काम त्यांस मिळाले. पगार दरमहा ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला, आणि कामही वाढले. रूळ फिरवावा, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा ओढाव्या, सरावासाठी जाळी बांधावी, कधी टेनिसची मैदानेही आखावी, असा त्यांचा दिनक्रम असे. फावल्या वेळात साहेब लोकांच्या सरावासाठी चेंडू टाकण्याचेही काम त्यांजकडे आले, आणि तेथेच त्यांच्या आयुष्यास वळण लागले.

बाळू डावखुरे, मंदगती फिरकी गोलंदाज होते. या गोलंदाजीत वेगाचे बळ नसते. सारा भरवसा बोटांवर, मनगटावर आणि धीरावर. एकाच हालचालीने टाकलेला एक चेंडू आत वळावा तर दुसरा बाहेर जावा, एक किंचित लवकर पडावा तर दुसरा अंमळ उशिरा, म्हणजे फलंदाजाचा अंदाज चुकतो. हे कसब पुस्तकातून येत नाही, हजारो चेंडू टाकावे तेव्हा हातात बसते. बाळूंस तो सराव नोकरी म्हणूनच घडला. क्लबातील नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग हे इतरांच्या आधी येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळी ८ आणे देण्याचे ग्रेग यांनी कबूल केले होते, असे सांगतात. ते खरे धरिले तर आठ वेळा ग्रेगसाहेबांस बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी कमाई होत असे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इतके तास, इतकी वर्षे बाळूंनी त्या जाळ्यात चेंडू टाकिले, परंतु फळी हाती घेण्याची संधी त्यांस तेथे मिळाली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान, आणि गोलंदाजी ही चाकराची मेहनत, अशी त्या काळची समजूत होती.

बाळूंच्या कौशल्याची वार्ता गावात पसरली, तेव्हा पुण्यातील हिंदू खेळाडूंपुढे मोठा पेच उभा राहिला. युरोपियनांच्या संघास हरवावयाचे तर असा गोलंदाज हवा; परंतु त्याजबरोबर मैदानात उतरावयाचे तर रूढी मोडते. बऱ्याच वादानंतर त्यांस संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत, तेथे विटाळ मानला जात नसे. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून कपबशीने चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर, मातीच्या पात्रातून मिळे. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट निराळे, बसण्याची जागाही निराळी. ज्या हाताने टाकलेल्या चेंडूवर संघ जिंकत असे, त्या हाताचा स्पर्श चहाच्या पेल्यास चालत नसे! पालकांनी व मुलांनी या विसंगतीचा क्षणभर विचार करावा.

सातारच्या युरोपियनांशी झालेल्या एका सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी कित्येक दिवस आधीपासून खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कठीण करून ठेविली होती. परंतु ज्याने स्वतः वर्षानुवर्षे खेळपट्ट्या केल्या, त्यास खेळपट्टीची भाषा कोणी शिकवावी? बाळूंनी त्याच जमिनीवर सात गडी बाद केले, व पुणेकरांचा जय झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे एका समारंभात बाळूंच्या सोबत्यांस जाहीरपणे सुचविले की, ज्यांजबरोबर खेळता येते त्यांजबरोबर जेवण्यासही हरकत नसावी. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा जाहीर गौरव केला. त्या दिवसांत हे सामान्य धैर्याचे काम नव्हते.

एकोणिसावे शतक संपत आले असता बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांस आपल्या संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन यांच्यात मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. युरोपियनांस जिंकण्यासाठी २१२ धावा हव्या होत्या, पण त्यांचा डाव १०२ धावांतच आटोपला. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला, याचा आनंद सर्व शहरास झाला. काही विचारी वृत्तपत्रकारांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट हेरली. जातीची आडकाठी बाजूस सारली तरच असा विजय मिळतो, हा या सामन्याचा खरा धडा असल्याचे त्यांनी लिहिले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात बाळू व शिवराम हे दोघेही बंधू होते. संघ एकंदरीत दुबळा ठरला व बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, व प्रत्येक गड्यामागे सरासरी १९ धावाही दिल्या नाहीत. केंब्रिज विद्यापीठाच्या एकाच डावात त्यांनी ८ गडी टिपले. परक्या हवेत, थंड व ओलसर मैदानांवर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी केलेली ही कामगिरी आहे. ते परत आले तेव्हा मुंबईतील दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन महाविद्यालयातील एका तरुण विद्यार्थ्याचा पुढाकार होता. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

एवढे होऊनही एक मान बाळूंपासून दूरच राहिला, तो म्हणजे संघाच्या नायकपदाचा. अनुभवाने व योग्यतेने तो त्यांचाच होता. परंतु उच्चवर्णीय खेळाडूंनी त्यांच्या आज्ञेत खेळावे, ही कल्पना निवड करणाऱ्यांस मानवत नसे. १९१३ साली एम. डी. पै हे नायक झाले, तेव्हा हा मान वस्तुतः बाळूंचा आहे असे त्यांनी स्वतःच उघडपणे बोलून दाखविले. त्यांच्या या मोठेपणाचीही नोंद केली पाहिजे. १९२० साली चौरंगी सामने झाले. पै आजारी होते; तरी नायकपद बाळूंस न देता त्यांस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ आपली नावे मागे घेतली, व त्याची कारणे लोकांपुढे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेरच्या सामन्यासाठी बंधूंस परत बोलाविण्यात आले आणि बाळू उपनायक झाले. त्या सामन्यात पै यांनी काही काळ मुद्दाम मैदान सोडून संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले, आणि त्यांच्या संघाने त्या वर्षीचे विजेतेपद पटकाविले. थोरल्या बंधूंस जे दार बंद होते, ते धाकट्यासाठी उघडले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. सप्टेंबर १९३२ मध्ये झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते एक होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडून बाळूंचा पराभव झाला. ज्याने आपल्या सत्कारासाठी पुढाकार घेतला, त्याच्याशीच पुढे सामना करावा लागावा, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. अस्पृश्यता नाहीशी व्हावी, हे दोघांचेही ध्येय होते. मार्गांविषयी मात्र मतभेद होता. कोणाचा मार्ग बरोबर, याचा निर्णय मोठेपणी वाचकांनी स्वतः विचार करून करावा.

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे देहावसान झाले. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, ही त्यांच्या कर्तृत्वाची कागदावरील मोजदाद. परंतु ज्यांस चेंडू देण्यास कोणी कचरत नव्हते पण पेला देण्यास सारे कचरत होते, अशा मनुष्याने आपल्या कामाने व संयमाने लोकांस लाज वाटावयास लाविली, ही गोष्ट कोणत्याही आकड्यात मावणारी नाही. त्याचबरोबर हेही विसरू नये की, केवळ गुणांनी दार उघडले नाही. भावांनी अन्याय मुकाट्याने सोसण्याचे नाकारिले व काही उच्चवर्णीय सोबती त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हाच ते उघडले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कोणी उत्तम खेळेल, कोणी बेताचा खेळेल. परंतु आपल्या संघातील कोणा गड्यास पाण्याचा पेला वेगळा दिला जात नाही ना, योग्य असूनही कोणास मागे ठेविले जात नाही ना, हे पाहणे सर्वांच्याच हाती आहे. आणि उद्या सकाळी मैदानावर रूळ फिरविणारा कोणी दिसला, तर त्यास आदराने नमस्कार करावा. पालवणकर बाळूंनीही आपल्या कार्यास तेथूनच आरंभ केला होता.