पेटीचे स्मरणसाधक : कै. गोविंदराव टेंबे

आपल्या देवालयांतील भजन-आरतीस पेटीची साथ इतकी अंगवळणी पडली आहे, की हे वाद्य परदेशातून आले आणि दीर्घकाळ विद्वानांच्या अवकृपेस पात्र ठरले, याचे आपणांस विस्मरण झाले आहे. अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात त्यास एका हाताने भाता चालविण्याचे सुटसुटीत रूप लाभले. या पेटीस मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत अग्रभागी असलेले नाव म्हणजे कै. गोविंद सदाशिव टेंबे.

त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरनजीक सांगवडे येथे झाला. पेटीचे शिक्षण त्यांनी मुख्यतः स्वप्रयत्नाने, कानांवर विसंबून घेतले. पं. भातखंडे यांची स्वरलिपीची क्रमिक पुस्तके तेव्हा निघावयाची होती. ऐकलेली चीज मनात धरून घरी येईपर्यंत ती सांडू न देणे, हाच अभ्यास होता. कोल्हापुरात दरबारी गायक अल्लादियाखाँसाहेब होते, देवल क्लबात गवयांची ये-जा होती. त्या वातावरणात गोविंदरावांचा कान तयार झाला. भास्करबुवा बखले यांच्या सहवासाने तर त्यांस गायनाची खरी दृष्टी लाभली. हे बुवा आपल्याजवळच्या धारवाडास काही काळ संगीतशिक्षक होते.

पेटीवर गाणे बसविणे दिसते तितके सोपे नाही. पट्ट्यांचे स्वर ठरीव असल्याने दोन स्वरांमधील मींड तीवर निघत नाही. म्हणून वादकाच्या अंतःकरणात संपूर्ण गाणे, त्याचे शब्द, वजन आणि समेची जागा यांसह वसलेले असावे लागते. मग कणस्वरांच्या योजनेने आणि भात्याच्या हलक्या-जड दाबाने तो त्या मींडेचा आभास उत्पन्न करतो. साथीच्या वेळी गवयाची नुकतीच गेलेली जागा क्षणभर स्मरणात धरून तिचे पडसाद उमटवावे लागतात. गोविंदरावांची थोरवी या स्मरणशक्तीत होती, केवळ बोटांच्या चपळाईत नव्हे.

या साठ्याचे फळ १९११ साली महाराष्ट्रास मिळाले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी स्थापिलेल्या नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली गोविंदरावांनी दिल्या. ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडील गानप्रकारांतून स्मरणात साठविलेले सौंदर्य त्यांनी मराठी शब्दांत उतरविले. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक झाले. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात राजा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत ही दोन्ही त्यांचीच. ‘माझा संगीत व्यासंग’ हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या आदरास पात्र ठरला.

१९४० साली आकाशवाणीने पेटीस मज्जाव केला. ठरीव स्वरांचा दोष हेच त्याचे कारण होते, आणि तो दोष खोटा नव्हता. परंतु जाणत्याच्या हाती तो दोष झाकला जातो, हे गोविंदरावांनी आयुष्यभर वाजवून दाखविले होते. १९५५ साली ते निवर्तले, तेव्हाही बंदी कायम होती. ती शिथिल होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले.

आज नंदगड-खानापूरकडील मुले पेटी शिकू लागली, की प्रथम पट्ट्यांचे आकडे पाठ करतात. वही हरवली की अभंगही हरवतो. गोविंदरावांच्या चरित्राचा बोध याच्या उलट आहे. आधी पद कंठात बसावे, टाळी देऊन सम कळावी, मग बोटे पट्ट्यांवर ठेवावीत. असे शिकलेले पद समईच्या मंद उजेडातही वाजते. महाजन कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी मुलांस पेटी घेऊन देताना दोन अभंग तोंडपाठही करून द्यावेत, म्हणजे देवालयातील साथ पुढील पिढीतही खंडित होणार नाही.