सिंहासनाने घेतलेला बळी : क्नूड लावार्ड

बी.ए.च्या वर्गात 'हॅम्लेट' शिकवताना आमच्या सरांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. हॅम्लेटची कथा मुळात शेक्सपिअरची नव्हे. साक्सो ग्रामाटिकुस नावाच्या डॅनिश इतिहासकाराने इ. स. १२०० च्या सुमारास ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. परीक्षेच्या दृष्टीने त्या माहितीला फारसे मोल नव्हते, पण माझ्या मनात ती घर करून बसली. पुढे साक्सोच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर हाती आले, तेव्हा मी त्यात हॅम्लेट शोधायला गेलो आणि गुंतून पडलो दुसऱ्याच एका माणसात. हॅम्लेट दंतकथेतला. हा माणूस मात्र खरोखर होऊन गेला. त्याचे नाव क्नूड लावार्ड.

क्नूडचा जन्म १०९६ च्या सुमाराचा. त्याचा बाप एरिक एयगोड हा डेन्मार्कचा राजा. त्या काळी डेन्मार्कमध्ये थोरल्या मुलाने गादीवर बसावे असा नियम नव्हता. राजरक्ताचा कोणताही कर्ता पुरुष राजा होऊ शकत असे. लोकसभेत जमलेल्यांनी त्याचा जयजयकार केला की झाले. त्या सभेला तिकडे 'थिंग' म्हणत. राजा स्वेन एस्त्रिदसेन १०७६ मध्ये वारला, त्यानंतर त्याचे पाच मुलगे एकामागून एक गादीवर आले. एरिक हा त्यांतला चौथा. भाऊ संपेपर्यंत ही व्यवस्था चालली. पण भाऊ संपल्यावर काय? सगळ्यांचेच मुलगे राजरक्ताचे! पुढच्या रक्तपाताचे बीज मला इथेच दिसते.

एरिक राजा पत्नी बोडिलसह जेरुसलेमच्या यात्रेला निघाला आणि ११०३ मध्ये वाटेत सायप्रस बेटावर वारला. बोडिल जेरुसलेमला पोहोचली, पण तीही तिथेच निवर्तली. सात वर्षांचा क्नूड पोरका झाला. ११०४ मध्ये त्याचा धाकटा चुलता नील्स राजा झाला. यात नील्सने पुतण्याचे काही हिरावून घेतले, असे म्हणता येत नाही. सात वर्षांच्या पोराला कोण राजा करणार?

क्नूड वाढला तो झीलंड बेटावरील बलाढ्य सरदार स्क्याल्म व्हीदे याच्या घरी. नंतर तो जर्मनीत सॅक्सनीचा ड्यूक लोथार याच्या दरबारी राहिला. त्याचे मित्र, त्याचा पेहराव, त्याची राज्यकारभाराची कल्पना, सारे तिथे घडले. परत आल्यावर १११५ च्या सुमारास नील्सने त्याला दक्षिण सरहद्दीवरील श्लेस्विगचा यार्ल, म्हणजे प्रांताधिकारी, नेमले. पद मोठे होते, पण जागा काट्यांची होती. उत्तर समुद्र आणि बाल्टिक यांमधला व्यापार श्लेस्विगवरून चाले, आणि त्या व्यापारावर वेंड या स्लाव्ह लोकांच्या धाडी पडत.

क्नूडने ही सरहद्द सावरली. वेंडांमधील ओबोत्राइट टोळ्यांचा राजा हेन्‍रिक हा नात्याने त्याचा आतेभाऊ होता. क्नूड आधी त्याच्याशी लढला आणि मग त्याने त्याच्याशी मैत्री जोडली. व्यापारी निर्धास्त झाले. श्लेस्विगच्या व्यापाऱ्यांचा जो संघ होता, तो क्नूडला आपला पाठीराखा मानू लागला. 'लावार्ड' हे त्याचे कुळाचे नाव नव्हे. लावार्ड म्हणजे धनी, अन्नदाता. इंग्रजीतला 'लॉर्ड' हा शब्द त्याच मुळाचा. लोकांनी दिलेली ही पदवी त्याच्या नावाला कायमची चिकटली.

११२५ मध्ये त्याचा जुना आश्रयदाता लोथार जर्मनीचा राजा झाला. ११२७ मध्ये हेन्‍रिक वारला, त्याच्या मागोमाग त्याचे मुलगेही गेले, आणि ११२९ मध्ये लोथारने ओबोत्राइटांचे राज्य क्नूडच्या हाती दिले. आता तो डेन्मार्कच्या राजाचा यार्ल होता आणि जर्मन राजाचा मांडलिक अधिपतीही होता. एका माणसाचे दोन धनी! चुलत्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. साक्सोच्या लेखनात क्नूड निष्पाप आणि नम्र दिसतो. परंतु हेल्मोल्ड नावाचा एक जर्मन पाद्री त्याच शतकात लिहून गेला आहे की, श्लेस्विगच्या एका सभेत क्नूड ओबोत्राइटांचा मुकुट घालून नील्ससमोर वेगळ्या आसनावर बसला आणि राजा आला तरी उठला नाही. हे वाचले तेव्हा मी थोडा चरकलो. ज्याला मी निव्वळ बळी समजत होतो, त्याला स्वतःच्या मुकुटाची जाणीव होती तर! पण या गोष्टीमुळे तो मला अधिक खरा वाटू लागला.

आता दुसरी बाजू. नील्सचा मुलगा मॅग्नस. त्याची आई मार्गारेता ही स्वीडनच्या राजा इंगेची मुलगी. आईच्या नात्याने मॅग्नसला स्वीडनमधील योटालांड प्रांतात राजा म्हणून मान्यता मिळाली होती. पोलंडच्या ड्यूकची मुलगी रिकिसा त्याची पत्नी होती. त्याचा बाप राजा, तो स्वतः कर्ता. आपल्यानंतर आपल्या मुलाने राज्य करावे असे नील्सला वाटले, तर त्यात नवल काय? पण लोकांची नजर क्नूडकडे वळलेली होती. साक्सो सांगतो की राणी मार्गारेता या चुलत भावांमध्ये सलोखा राखीत असे. तिच्या मृत्यूनंतर तो धागा तुटला.

११३० चा नाताळ नील्सने रॉस्किल्डे येथे साजरा केला. क्नूडलाही बोलावणे होते. सण संपल्यावर मॅग्नसने त्याला रिंगस्टेडजवळच्या हाराल्डस्टेडच्या रानात एकांतात भेटायला बोलावले. निरोप घेऊन गेला तो एक सॅक्सन गायक. त्याला कट ठाऊक होता, पण गुप्ततेची शपथ घातलेली होती. साक्सो लिहितो की त्याने वाटेत क्रीमहिल्डने आपल्या भावांचा कसा घात केला त्याचे गाणे गायिले. हेतू हा की, क्नूडने ओळखावे. क्नूडने ओळखले नाही, किंवा ओळखूनही त्याला खरे वाटले नाही. मॅग्नसला मिठी मारताना त्याच्या झग्याखालचे चिलखत क्नूडच्या ध्यानात आले. तोवर उशीर झाला होता. ७ जानेवारी ११३१ ला क्नूड लावार्ड त्या रानात मारला गेला.

आठवड्याभरातच, १४ जानेवारीला, त्याची पत्नी इंगेबोर्ग प्रसूत झाली. ती कीव्हच्या राजघराण्यातली. मुलाचे नाव तिने आपल्या घराण्याला शोभेल असे ठेवले : वाल्देमार.

एका खुनाने प्रश्न मिटेल असे मॅग्नसला वाटले असावे. झाले उलटेच. क्नूडचा सावत्र भाऊ एरिक एमुने बंड करून उठला. लोथार सैन्य घेऊन सरहद्दीवर आला. दंड भरून आणि मॅग्नसने त्याचे मांडलिकत्व पत्करून ते संकट टळले. ४ जून ११३४ ला स्कोने प्रांतातील फोटेव्हिकच्या किनाऱ्यावर लढाई झाली. तीत मॅग्नस पडला आणि त्याच्याबरोबर पाच बिशपही पडले. म्हातारा नील्स पळत पळत आला तो नेमका श्लेस्विगला! क्नूडला आपला मानणाऱ्या व्यापारी संघाच्या लोकांनी २५ जूनला त्याला ठार केले. एरिक एमुने राजा झाला, पण तोही ११३७ मध्ये भर सभेत मारला गेला.

पुढे ११४६ नंतर तीन दावेदार उभे राहिले : एरिक एमुनेचा मुलगा स्वेन, मॅग्नसचा मुलगा क्नूड आणि आपल्या कथानायकाचा मुलगा वाल्देमार. ११५७ मध्ये राज्याची तीन भागांत वाटणी झाली. त्याच वर्षी ९ ऑगस्टला रॉस्किल्डेच्या मेजवानीत स्वेनच्या माणसांनी मॅग्नसच्या मुलाला मारले. वाल्देमार जखमी होऊन निसटला. २३ ऑक्टोबरला ग्राथे येथील माळरानावर स्वेन मारला गेला आणि वाल्देमार एकटा राजा उरला. त्याची राणी सोफिया कोण? मॅग्नसच्या विधवेची, रिकिसाची, पुढच्या विवाहातील मुलगी. बापाचा खून करणाऱ्याच्या घरातूनच मुलाची राणी आली. इतिहास असे कोडे घालतो, तेव्हा कादंबरीकाराने हात जोडावेत.

वाल्देमारने बापासाठी पोपकडे संतपदाची मागणी केली आणि तिसऱ्या अलेक्झांडर पोपने ११६९ मध्ये ती मान्य केली. २५ जून ११७० ला रिंगस्टेडच्या चर्चमध्ये क्नूडच्या अस्थी वेदीवर प्रतिष्ठित झाल्या, आणि त्याच समारंभात वाल्देमारच्या सात वर्षांच्या मुलाला आर्चबिशप एस्किलने मुकुट घातला. मी या तारखेपाशी बराच वेळ थांबलो. सात वर्षांचा क्नूड पोरका झाला तेव्हा त्याला कोणी राजा करणे शक्यच नव्हते. त्याच्या सात वर्षांच्या नातवाला, ज्याचे नावही क्नूडच होते, आजोबांच्या अस्थींसमोर राजा केले गेले. जो वारसाहक्काचा नियम नव्हता म्हणून क्नूड मेला, तो नियम त्याच्याच नावाने रुजवण्याचा हा प्रयत्न होता. अर्थात राजाची निवड करण्याची रीत पुढेही राहिली. डेन्मार्कची गादी कायद्याने वंशपरंपरागत झाली ती १६६० मध्ये.

हे सारे मी वसतिगृहातल्या माझ्या कन्नड विभागातील मित्राला सांगितले, तेव्हा त्याने सरळ विचारले की, हा माणूस संत होता की नव्हता? धर्मासाठी त्याने प्राण दिले नाहीत. त्याला संत ठरवण्यात त्याच्या मुलाची गरज होती, आणि साक्सोनेही त्याची कथा लिहिली ती आर्चबिशप आब्सालोनच्या आश्रयाने. हा आब्सालोन म्हणजे क्नूडला वाढवणाऱ्या स्क्याल्मचाच नातू. तेव्हा चित्र उजळ निघणारच. मी मित्राला एवढेच म्हणालो की, संतपद बाजूला ठेवू. चुलत्याविरुद्ध शस्त्र उचलल्याचा डाग त्याच्यावर नाही. त्याचा अपराध एकच : तो राजा होण्याच्या लायकीचा होता, आणि ते सर्वांना दिसत होते. सत्ता कोणाकडे जावी हे जिथे आधी ठरलेले नसते, तिथे कर्तृत्व हाच गुन्हा ठरतो. मग चांगल्या माणसाने मुकुट घालून बसणे काय आणि नम्रपणे रानात जाणे काय, शेवट सारखाच.

मित्र यावर काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो साक्सोचा ग्रंथ माझ्याकडून घेऊन गेला, आणि अजून त्याने तो परत केलेला नाही.