महाराणी येसूबाई

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी अध्यक्षबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी हे चार शब्द लिहीत आहे. इजिप्तची राणी क्लिओपात्रा आपल्या मुलींना नावाने ठाऊक असते. पण आपल्याच जिल्ह्यात रायगडावर नांदलेल्या येसूबाई कोण, असे विचारले, तर संभाजी महाराजांच्या पत्नी, यापलीकडे त्यांना सांगता येत नाही.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या, म्हणजे कोकणच्याच माहेरवाशीण. संभाजी महाराज मोहिमेवर असत तेव्हा गडावरचा कारभार त्या पाहत. त्यांच्या नावाचा वेगळा शिक्का होता. १६८२ साली माणगावजवळ गांगवली येथे त्यांना पुत्र झाला, तेच पुढे शाहू महाराज.

१६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांचा वध करविला. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. दुसरी एखादी आई आपल्याच मुलाला गादी मागती. येसूबाईंनी १९ वर्षांच्या दिराला, राजाराम महाराजांना, पुढे केले. सगळेच एका गडावर अडकले तर राज्य बुडेल, हे ओळखून त्यांना बाहेर पाठविले, आणि सात वर्षांच्या शाहूंना घेऊन स्वतः मागे राहिल्या. राजाराम महाराज पुढे दूर जिंजीला पोचले व लढाई चालू राहिली. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक कैद झाले.

शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा क्लिओपात्राने मरण पत्करले, असे सांगतात. येसूबाईंनी कैद पत्करली, कारण पदरात मूल होते. बादशहाच्या छावणीत, परक्यांच्या पहाऱ्यात, त्यांनी शाहूंना वाढविले. १७०७ साली औरंगजेब वारला व शाहू सुटले, पण आईला ओलीस ठेवून दिल्लीस नेले. मुलगा साताऱ्यास छत्रपती झाला, तो सोहळाही त्यांच्या नशिबी नव्हता.

अखेर १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांबरोबर त्यांनाही दिल्लीहून सोडवून आणले. हे बाळाजीपंत आपल्या श्रीवर्धनचे! जवळजवळ ३० वर्षांची कैद संपली. साताऱ्याजवळ संगम माहुलीस त्यांची समाधी आहे.

आपल्याकडे कुणाचे यजमान बोटीवर, कुणाचे मुंबईस. मागे घर, शेत, म्हातारी माणसे आणि मुलांचे शिक्षण बाईच सांभाळते, आणि त्याची कुठे नोंद होत नाही. म्हणून येसूबाई मला फार जवळच्या वाटतात. त्यांनी हाती तलवार धरून गाजविलेली लढाई सांगता येणार नाही, परंतु त्या मागे राहिल्या म्हणून राज्य पुढे गेले.

रायगडावर जाल तेव्हा महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्याच. मग राणीवशाच्या जोत्यांपाशी घटकाभर थांबा आणि बरोबरच्या लेकीसुनांना येसूबाईंची ही हकीकत सांगा.