पेटीचे गुरु

पेटी अथवा पियानो आपला आपणच शिकता येत असता शिक्षक कशास हवा, असा प्रश्न आमच्या छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थी पुष्कळदा करितात. त्यांस आम्ही गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे चरित्र सांगतो.

कोल्हापुरास वाढलेल्या गोविंदरावांनी पेटीवादन बहुतांशी स्वतःच्याच परिश्रमाने साध्य केले. पट्टी दाबताच सूर कोणासही मिळतो. परंतु दोन सुरांमधील मींड पेटीत नसते, ती गवयाच्या कंठात असते. हे ओळखून त्यांनी आपला कान मोठ्या गवयांच्या चरणी ठेविला. भास्करबुवा बखले यांजपाशी रीतसर तालीम घेतली नसताही ते त्यांस गुरु मानीत. अल्लादियाखाँसाहेबांची गायकीही त्यांनी निष्ठेने अभ्यासिली.

१९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकास त्यांनी चाली दिल्या. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटास संगीत देऊन हरिश्चंद्राची भूमिकाही केली. पुढे खाँसाहेबांचे चरित्र लिहून त्यांनी आपली कृतज्ञता व्यक्त केली.

यास्तव विद्यार्थ्यांनो, शिक्षक लाभला असेल तर त्याचा आदर करा. नसेल तर निराश न होता उत्तम गाणे लक्षपूर्वक ऐका. स्वतः शिकणे म्हणजे गुरुवाचून शिकणे नव्हे.